स्टोक रोचा आड

आई पहिल्यांदा इंग्लंडला आली तेव्हा मी तिला दाखवायच्या गोष्टींची यादी करून ठेवली होती. राणीचा वाडा, टॉवर ब्रिज, सेंट पॉल, ऑक्सफर्डची जुनी कॉलेजं. तिने सगळं मन लावून पाहिलं, सांगेन तिथे फोटोला उभी राहिली, आणि तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, “झालं गं हे सगळं. आता एखादं खेडं दाखव की. इथली माणसं राहतात कशी ते तरी कळेल.”

मला एकदम स्टोक रो आठवलं. रेडिंगहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. मी एकदा चुकून तिथे पोचले होते, आणि जे दिसलं ते आईला दाखवायचं असं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. तिला काही सांगितलं नाही. खेडं बघायला जाऊ म्हटलं, एवढंच.

कॅव्हरशॅमचा पूल ओलांडून थेम्स मागे पडली की चढ सुरू होतो. सॉनिंग कॉमन, पेपर्ड, मग रस्ता इतका अरुंद होतो की समोरून ट्रॅक्टर आला तर आपण कुंपणात शिरायचं. दोन्हीकडे बीच वृक्षांचं रान. वर आभाळात घारी. आपल्या घारींपेक्षा तांबूस, शेपटी मधोमध चिरलेली. या डोंगरांतून त्या नाहीशा झाल्या होत्या. १९८९पासून पुढची पाच-सहा वर्षं स्पेनहून पिल्लं आणून इथे सोडली, आणि आता इतक्या झाल्यात की अंगणात सँडविच खायचीही चोरी. आई म्हणाली, “गावाकडं घार दिसली की कोंबड्या झाकायचो. इथं आणून सोडतात होय!”

हे चिल्टर्नचे डोंगर. डोंगर म्हणायला जरा संकोच वाटतो. स्टोक रो समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर वर आहे, आमच्या साताऱ्याकडचा महिमानगड किल्लाही याला हसेल. पण हा डोंगर कशाचा आहे ते ऐकलं की हसू थांबतं. खडूचा. शाळेत फळ्यावर लिहायचो तोच खडू, त्याचा शेकडो फूट जाडीचा थर, आणि वर गारगोट्या मिसळलेली चिकणमाती. खडू म्हणजे टीपकागद. पाऊस पडतो, भरपूर पडतो, आणि थेट खाली जातो. डोंगरावर ना ओढा, ना झरा. पायथ्याशी थेम्स वाहते आणि वरची गावं कोरडी. आमच्या माण तालुक्यात उलटा प्रकार. तिथे पाऊसच नाही, आणि पडला तर खाली काळा पाषाण, पाणी मुरायला जागा नाही. एकीकडे दगड पाणी आत घेत नाही, दुसरीकडे घेतो तो परत देत नाही. बाईच्या डोक्यावरची घागर दोन्हीकडे सारखीच.

स्टोक रोची माणसं पूर्वी डबक्यांवर जगायची. विटांसाठी माती खणली की खड्डा व्हायचा, त्यात पावसाचं पाणी साठायचं, ते गुरांना आणि माणसांनाही. छपरावरचं पाणी धरून ठेवायचं. उन्हाळ्यात डबकी आटली की मैलोगणती पायपीट. एकाच पाण्यात आधी भाजी धुवायची, मग तेच दुसऱ्या कामाला. आईला हे काही वेगळं सांगावं लागलं नाही.

गाव तसं गाव म्हणूनही उशिराच नावारूपाला आलेलं. थेम्सच्या काठच्या जुन्या गावांच्या हद्दी इथे लांबट पट्ट्यांसारख्या आहेत. खाली नदीकाठची कुरणं, मधे शेती, वर डोंगरावर सरपणाचं रान, असं प्रत्येकाला थोडं थोडं मिळावं म्हणून. स्टोक रो म्हणजे अशा पट्ट्यांची वरची टोकं जिथे एकत्र येतात तिथली घरांची ओळ. पोटापाण्याला वीटभट्ट्या, चेरीच्या बागा आणि लाकूड. रानातच लेथ मांडून ओल्या बीचचे खुर्चीचे पाय कातणारे कारागीर इथे होते. पाय कातून हाय विकमच्या कारखान्यांना पाठवायचे, खुर्ची तिथे जुळायची. महायुद्धांत याच गावातून सैन्यासाठी तंबूच्या खुंट्या गेल्या. जुन्या वास्तू विचाराल तर १८१५चं चॅपेल आहे आणि गारगोटीच्या भिंतींचं १८४६चं सेंट जॉन चर्च. चर्च दिसायला गोड आहे, पण या मुलखात गारगोटीची चर्चं पैशाला पासरी. आम्ही ते गाडीतूनच पाहिलं.

मी गाडी रस्त्याकडेला लावली. आई उतरली, समोर पाहिलं, आणि पायातल्या चपला काढायला लागली.

“अगं, हे काय?”

“समाधी आहे ना कुणाची तरी? छत्री दिसतीय.”

तिचं काय चुकलं? हिरव्यागार इंग्लिश गवतात, विटांच्या घरांच्या शेजारी, लोखंडी खांबांवर पेललेला सोनेरी घुमट. वर कळस. थेट आपल्याकडच्या राजेरजवाड्यांच्या छत्र्यांसारखी ठेवण. आत डोकावलं तर समाधी नाही, दातेरी चाकांचं मोठं यंत्र, आणि यंत्रावर एक छोटासा सोनेरी हत्ती. घुमटाच्या कडेने इंग्रजीत अक्षरं आहेत, ती मी तिला मराठीत वाचून दाखवली. भारतातील बनारसच्या महाराजांनी ही विहीर दिली.

“कुणी दिली?”

“काशीच्या राजानं.”

“काशीच्या? आणि इथं?” आई चपला हातात घेऊन तशीच उभी.

गोष्ट अशी आहे. इथून थोडं खाली उतरलं की इप्सडेन नावाचं गाव लागतं. तिथल्या जमीनदार घराण्यातला एडवर्ड अँडर्डन रीड हा कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात गेला. १८३१मध्ये त्याने आझमगढला लोकांसाठी एक विहीर खोदवली. पुढे चढत चढत तो वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाकडे, मोठ्या हुद्द्यावर पोचला. बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह आणि तो यांची चांगली ओळख होती. बोलता बोलता रीडने त्यांना आपल्या गावाकडची एक आठवण सांगितली. डोंगरावरच्या एका गावात, घरातलं शेवटचं पाणी पिऊन टाकलं म्हणून एका पोराला त्याच्या आईने बडवलं होतं. रीड १८६०मध्ये मायदेशी परतला. जाताना आझमगढची ती विहीर लोकांना खुली राहील हे पाहा, असं महाराजांना सांगून गेला. महाराजांच्या डोक्यात ते पोर राहिलं. दोन-तीन वर्षांनी त्यांनी रीडला कळवलं, मला इंग्लंडात काहीतरी करायचंय, तुमच्या त्या तहानलेल्या डोंगरावर विहीर खोदू.

मी पोराचा मार सांगितला तेव्हा आई एकदम म्हणाली, “पिऊन टाकलं म्हणून? आम्ही सांडलं म्हणून खायचो.”

बहात्तरच्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती. आमच्या आजोळचा आड साठ फुटांवर कोरडा पडला होता. गावाबाहेरच्या एका विहिरीत तळाशी वाटीवाटीने पाणी झिरपायचं. पोरांना दोरीने खाली सोडायचे, पोरं वाटीने घागर भरायची. आई हलकी म्हणून तिला सोडायचे. एकदा वर येताना तिची कळशी कडेवर आपटून लवंडली. आजीने तिथेच, सगळ्यांसमोर, पाठीत घातलं. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय. प्रत्येक वेळी ती हसत सांगते. या वेळी हसली नाही. कदाचित इंग्लंडात कुणी एवढ्यासाठी मार खाल्ला असेल हे तिला अजून खरं वाटत नव्हतं.

आता या विहिरीबद्दल. खरं तर ही विहीर नव्हेच. आपल्याकडे विहीर म्हणजे ऐसपैस, पायऱ्या असलेली, मोट चालवता येईल अशी. तोंड अरुंद, गोल, वर रहाट आणि पिण्यापुरतं पाणी, त्याला आड म्हणायचं. या आडाचा व्यास चार फूट आहे, एक माणूस वाकून खणू शकेल एवढाच. खोली ३६८ फूट.

“किती?”

“तीनशे अडुसष्ट. तू परवा सेंट पॉलचा घुमट मान वर करून पाहिलास ना, त्याची उंची ३६५.”

आईने मान वर केली, जणू तो घुमट इथेच आहे. मग खाली पाहिलं. “हे मशीननं?”

“हातानं.”

आई बराच वेळ काही बोलली नाही. ज्याने आडात उतरून पाहिलंय त्यालाच हा आकडा कळतो. माणसावर माणूस उभा केला तर साठाच्या वर माणसं लागतील. वरून पाहणाऱ्याला खालचा दिवा काजव्याएवढा, खालून पाहणाऱ्याला आभाळ रुपयाएवढं. निघालेला प्रत्येक ढेकूळ दोराने वर ओढायचा, आणि तो ओढला जात असताना खालच्याने डोक्यावर हात धरून भिंतीला चिकटून राहायचं. वरून निसटलेला पसाभर खडूसुद्धा तिथे जीव घेईल. आपल्याकडे वडारांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं, पण पाषाण फोडून साठ-सत्तर फूट गेलं की एकतर पाणी लागतं किंवा मालकाचे पैसे संपतात. इथे शंभर फुटांवर पाणी नाही, दोनशेवर नाही, तीनशेवर नाही. तरी खणतायत. आईने विचारलं, पाणाड्या आणला होता का? हसू नका. इंग्लंडातही हेझलची फांदी हातात धरून पाणी शोधणारे असतात. पण इथे पाणाड्याचं काम नव्हतं. खडूच्या तळाशी पाणी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रश्न पोचायचा होता.

खोदायला सुरुवात झाली १० मार्च १८६३ला. त्या दिवशी युवराजाचं, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचं, लग्न होतं. आड लोकांसाठी खुला झाला २४ मे १८६४ला, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी. रहाटाचं यंत्र वॉलिंगफर्डच्या वाइल्डर कंपनीने घडवलं. आडाचा खर्च ३५३ पौंड १३ शिलिंग ७ पेन्स. तेव्हाच्या भावाने साडेतीन हजार रुपये धरा. शेवटचे सात पेन्ससुद्धा कुणीतरी जपून लिहून ठेवलेत, याचं मला कौतुक वाटतं.

महाराज एवढ्यावर थांबले नाहीत. आडाच्या राखणदारासाठी शेजारी एक छोटी अष्टकोनी बंगली बांधली, अजून आहे. राखणीचा खर्च निघावा म्हणून जमीन घेऊन चेरीची बाग लावली. नाव ईश्री बाग. बागेत माशाच्या आकाराचं तळं, त्याचं नाव मछली पोखरा. एक टेकाड, त्याचं नाव प्रभू टीला, राजपुत्र प्रभू नारायण यांच्यावरून. ऑक्सफर्डशायरच्या शेतकऱ्यांनी ही नावं कशी उच्चारली असतील याचा विचार करून मला अजून मजा वाटते. विचार पाहा, आडाचा खर्च चेरीने भागवायचा. आपल्याकडे देवळाला इनाम जमीन लावून द्यायचे, नंदादीपाचं तेल त्यातून. अगदी तीच रीत, देवाच्या जागी पाणी.

आणि इथेच मला पहिल्या भेटीत राग आला होता. तो आईला सांगितला नाही, इथे सांगते.

तारखा नीट पाहा. युवराजाचं लग्न, राणीचा वाढदिवस. १८८२मध्ये राणीवर गोळी झाडली गेली आणि ती बचावली, तेव्हा महाराजांनी आनंदाने या गावाला पाव, चहा, साखर वाटली. हे दान आहे की दरबारी नजराणा? १८५७च्या जूनमध्ये बनारसमध्ये कर्नल नीलने माणसं झाडांना टांगली होती. महाराज त्या धामधुमीत इंग्रजांच्या बाजूने राहिले. त्याच शहरात जन्मलेली मणिकर्णिका, आपली झाशीची राणी, पुढच्या वर्षी ग्वाल्हेरला पडली. १८६०-६१मध्ये गंगा-यमुनेच्या दोआबात दुष्काळाने माणसं मेली. आणि त्यानंतर दोन वर्षांत आपला एक राजा विहीर खणायला निघाला, तर कुठे? साहेबाच्या गावी! बरं, राजा म्हणजे तरी काय, बनारसचा कारभार केव्हाच कंपनीच्या हातात गेला होता. महाराजांकडे पदवी, रामनगरचा किल्ला आणि जमीनदारी. संस्थानाचा दर्जा मिळायला १९११ उजाडलं.

असं हे एकटेच नव्हते. लंडनच्या रीजंट्स पार्कात १८६९ची एक उंच दगडी पाणपोई आहे, ती मुंबईच्या सर कावसजी जहांगीर यांनी दिलेली, ज्यांना लोक ‘रेडीमनी’ म्हणायचे. इंग्रजी राज्यात पारशांना मिळालेल्या संरक्षणाबद्दल कृतज्ञता म्हणून. खाली इप्सडेनलाही राजा देवनारायण सिंहांनी विहीर दिली. हिंदुस्थानने इंग्लंडला पाणी पाजायची जणू साथच आली होती. रीडसाहेबांच्या भोवतालची माणसं आणि त्यांना खूश ठेवणारी माणसं, असा हिशेब मी मांडला, आणि चार फोटो काढून तेव्हा परत आले होते.

आईने दुसराच हिशेब मांडला. ती काठाशी उभी होती. तिने विचारलं, “पैसे घ्यायचे का पाण्याचे?”

“नाही. फुकट. सगळ्यांना.”

“सगळ्यांना म्हणजे?”

मला आधी कळेना ती काय विचारतेय. मग कळलं. आमच्या आजोळच्या आडावर सगळ्यांना पोहरा सोडता येत नव्हता. काही बाया लांब उभ्या राहायच्या, घागर खाली ठेवून, कुणाला दया येईल तेव्हा वरून ओतायचं, स्पर्श न करता. आईने हे पाहिलंय. त्या ओतणाऱ्या हातांतला एक हात तिच्या आजीचा. ती हेही सांगते, पण दोरीच्या गोष्टीसारखं हसून नाही.

तेव्हा मी पुन्हा तारखा जुळवल्या, वेगळ्या. स्टोक रोचा आड खुला झाला १८६४ला. पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला १८६८ला, म्हणजे चारच वर्षांनी. महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली २० मार्च १९२७ला, तोवर स्टोक रोची माणसं त्रेसष्ट वर्षं काशीच्या राजाच्या आडाचं पाणी पीत होती. ज्या काशीत कुठल्या विहिरीवर कुणी पोहरा सोडायचा हे जातीवरून ठरत होतं, त्या काशीच्या धर्मनिष्ठ राजाने, रामलीलेच्या आश्रयदात्याने, सातासमुद्रापलीकडच्या गोमांस खाणाऱ्या म्लेंच्छांसाठी आड खणला, आणि त्यावर कुणाला अडवायचं नाही असं ठरवून दिलं. गंगेपलीकडच्या चांभाराला मात्र ते भाग्य नव्हतं. राग यायचाच तर इथे यायला हवा होता. मी पहिल्या खेपेला चुकीच्या गोष्टीवर चिडून घरी गेले होते.

वापी, कूप, तडाग. विहीर, आड, तळं बांधण्याइतकं मोठं पुण्य नाही, असं आपली जुनी माणसं म्हणत आली. अहिल्याबाईंनी या एका वाक्यावर अर्धा हिंदुस्थान बारवा आणि घाटांनी भरला. काशीत विश्वेश्वराचं देऊळही त्यांनीच परत उभं केलं, १७८०मध्ये. त्या देवळाच्या सावलीत वाढलेल्या राजाला, तहानलेलं पोर ऐकून, आड सुचावा यात नवल नाही. दरबारी मतलबही असेलच. मतलब नसलेलं दान मी तरी अजून पाहिलेलं नाही, आमच्याकडच्या वॉटर कूलरवरसुद्धा आमदाराचा फोटो असतो. मला एवढंच म्हणायचंय की महाराजांना दान द्यायची भाषा येत होती, पाणी कुणाचं हा प्रश्न मात्र त्यांना घरी कधी पडला नाही, आणि परदेशात पडायची गरज नव्हती.

त्यांनी हा आड कधी पाहिला नाही. ते इंग्लंडला आलेच नाहीत. १८८९मध्ये वारले. रहाट फिरत राहिला, सत्तर-एक वर्षं. मग नळ आला, आणि नळ आल्यावर आडाचं जे होतं ते याचंही झालं. मधली काही वर्षं दुर्लक्षाची गेली. १९६१मध्ये दुसरी एलिझाबेथ राणी भारतात आली तेव्हा काशीनरेशांनी तिला या आडाची छोटी प्रतिकृती भेट दिली, आणि पुन्हा सगळ्यांना आठवण झाली. १९६४च्या शताब्दीला प्रिन्स फिलिप आला होता. बनारसहून गंगेचं पाणी आणलं होतं, ते आडात ओतलं. हे ऐकल्यावर आईने चपला हातातून खाली ठेवल्या, दोन पावलं पुढे झाली आणि हात जोडले. गंगा म्हटल्यावर विषय संपला. कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आमच्याकडे पाहून मान डोलावली. त्यांना हे नवीन नसावं.

गावात आणखी पाहण्यासारखं? एक पब आहे, क्रुकेड बिलेट, रानात लपलेला. ‘टायटॅनिक’मधल्या केट विन्स्लेटने १९९८मध्ये लग्नानंतरचं जेवण तिथे दिलं होतं, सॉसेज आणि कुस्करलेले बटाटे. आईला केट विन्स्लेट कोण ते सांगितलं, ती म्हणाली, लग्नात बटाटे? तो विषय तिथेच मिटला. चहा मात्र छान मिळाला, दुसरीकडे.

परतताना मी मुद्दाम नफिल्डवरून गेले. काही मैलांचाच वळसा. मॉरिस मोटारींचे मालक विल्यम मॉरिस इथे राहायचे, लॉर्ड झाल्यावर पदवीला याच गावाचं नाव घेतलं, आणि पुरलेही आहेत इथल्याच चर्चच्या आवारात. त्यांच्या कारखान्याच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवरून आपली अँबॅसिडर निघाली, जी कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला २०१४पर्यंत बनत होती. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “आपल्या लग्नाची वरात अँबॅसिडरमधूनच निघाली होती.” आपल्या म्हणजे तिच्या आणि बाबांच्या. काशीच्या राजाने इथे आड पाठवला, इथून आईच्या वरातीची गाडी तिकडे गेली. अर्थात गाडीचे आपण पैसे मोजले होते.

संध्याकाळी आईने वरण लावलं. रेडिंगचं पाणी जड आहे, खडूतून गाळून आलेलं. आठ दिवसांत केटलच्या तळाशी पांढरा थर बसतो. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, डाळ तशीच टणक. पाच झाल्या. आईने झाकण उघडून पळीने दाणा दाबून पाहिला, कपाळाला हात लावला, आणि चिमूटभर सोडा टाकत म्हणाली,

“एवढं तीनशे अडुसष्ट फूट खणलं त्या राजानं, आणि लागलं काय, तर ज्यात डाळ शिजत नाही असलं पाणी. तिथल्या बायकांनी बिचाऱ्यांनी काय केलं असेल गं?”

“त्या डाळ नाही खात, आई.”

“हो, बटाटे,” ती म्हणाली, आणि झाकण लावून गॅस मोठा केला.